पाण्याचा पारा

पाहुणे पहाटे पाचलाच तयार होऊन ओसरीवर बसलेले असतात. मासे धरायचे तर उजाडायच्या आत निघायला हवं, हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, आणि खाडीवर ते बऱ्याचदा खरंही असतं. मार्च महिन्यात तीर्थन नदीच्या काठी मात्र मी त्यांना परत पांघरुणात पाठवतो. आधी झोप पुरी करा, मग तूप घालून गरम सिड्डू खा, दहा वाजता बोलू. असला आळशी गाईड आपल्याच वाट्याला का आला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं.

मार्चच्या पहाटे नदीचं पाणी चार-पाच अंशांवर असतं. ट्राउटचं शरीर पाण्याइतकंच गार किंवा गरम होतं. एवढ्या थंडीत त्याचं पचन मंदावतं, भूक मरते, आणि तो तळाशी दगडाच्या आडोशाला नुसता उभा राहतो. त्याच्या नाकासमोरून काहीही गेलं तरी त्याला हलण्याची गरज वाटत नाही. अकराच्या सुमारास ऊन कडा उतरून दरीत येतं, पाणी दोन-तीन अंशांनी चढतं, दगडांखालचे किडे पृष्ठभागाकडे निघतात, आणि त्यांच्या मागोमाग मासाही जागेवरून सरकतो. साडेतीनला सूर्य डोंगराआड गेला की खेळ आटोपतो. त्या चार-साडेचार तासांसाठी लोक मुंबई-पुण्याहून, कधी युरोपातून हिमाचलच्या या कोपऱ्यात येतात. मासा मिळाला तर पाहुणे माझ्या हुशारीला दाद देतात. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालं आहे, की आम्ही इथे फक्त थंडीचा व्यापार करतो. मासा त्या थंडीचं एक फळ आहे, इतकंच.

मी रत्नागिरीकडचा. लहानपणी बाबांबरोबर भाट्याच्या खाडीत गरवायला जायचो. गरीला कोळंबी, दोरीला शिसं, आणि बाकीचा सगळा भार भरती-ओहोटीवर. बाबा तिथी मोजून पाण्याची वेळ सांगत आणि ती सहसा चुकत नसे. त्या पाण्यात आम्ही तासन् तास कमरेइतके उभे राहायचो. ते गार आहे की कोमट, याचा विचार कोणी करत नसे. पुढे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो. तिथे कटला, रोहू, कोळंबी यांच्यात वर्षं गेली. ट्राउट हा पुस्तकातला एक धडा होता. नोकरी शोधत कुल्लू खोऱ्यातल्या एका हॅचरीत पोहोचलो, तेव्हा तो धडा अंगावर आला.

हॅचरीचं काम हिवाळ्यातलं. पिकलेल्या मादीच्या पोटावरून अंगठा हलकेच शेपटीकडे नेला, की वाटाण्यापेक्षा जरा लहान, नारिंगी झाक असलेली अंडी कोरड्या तसराळ्यात पडतात. किलोभर वजनाची मादी दीड-दोन हजार अंडी देते. त्यावर नराचं वीर्य पिळायचं, पिसाने अलगद ढवळायचं आणि मगच पाणी घालायचं. पाणी आधी घातलं तर शुक्राणू मिनिटभरही तग धरत नाहीत. मग झाकलेल्या ट्रेमध्ये, अंधारात, वाहत्या पाण्यात अंडी पडून राहतात. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. म्हणून रोज चिमट्याने पांढरी अंडी वेचायची. पाच अंशांच्या पाण्यावर वाकून हे करताना थोड्या वेळाने आपली बोटं आपली वाटेनाशी होतात.

अंडी कधी फुटणार, हे दिवसांवर ठरत नाही. रोजचं पाण्याचं तापमान बेरजेत धरत जायचं. ब्राउन ट्राउटची ही बेरीज चारशेच्या थोडी वर गेली, की पिल्लं बाहेर येतात. पाणी दहा अंशांवर असेल तर सहा आठवडे. पाच अंशांवर असेल तर जवळजवळ बारा. कॅलेंडर एकच, पण त्यातला प्रत्येक दिवस अंड्यासाठी वेगळ्या मापाचा. तिथी पाहून वेळ काढणाऱ्या घरातून आलेल्या मला हा हिशेब चटकन पटला. बाबांचं पंचांग चंद्रावर चालायचं, इथलं पाऱ्यावर चालतं.

हा मासा इथे आला, तोही याच हिशेबाने. हिमालयातल्या नद्यांत ट्राउट मुळात नव्हता. तो युरोपातला. उष्ण समुद्रांतून त्याची अंडी न्यायची म्हणजे वाटेतच ती फुटायची किंवा सडायची. १८६४ साली इंग्लंडहून ‘नॉरफोक’ जहाजाने निघालेली अंडी टास्मानियापर्यंत जिवंत पोहोचली, कारण ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फाच्या साठ्यात ठेवली होती. थंडीने वाढ रेंगाळली आणि प्रवास अंडी फुटण्याआधी संपला. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या एफ. जे. मिचेल यांनी काश्मीरसाठी अंडी मागवली. १८९९ची पहिली खेप वाटेत मेली, १९००ची जगली. कुल्लूत १९०९ साली जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्याने कटराईंजवळ महिली इथे हॅचरी उभी केली आणि ब्यास व तिला मिळणाऱ्या नद्यांत पिल्लं सोडली. आज तीर्थनमध्ये जो ब्राउन ट्राउट स्वतःहून वाढतो, तो त्याच वंशाचा. साहेबाला सुट्टीत विरंगुळा हवा होता, म्हणून हा मासा सात समुद्र ओलांडून आला. तो टिकला मात्र साहेबाच्या हुकमाने टिकला नाही. पाणी त्याला हवं तसं होतं, म्हणून टिकला.

हॅचरीनंतरचं, नदीवरचं माझं काम पाहुण्याला दोरी फेकायला शिकवण्यापासून सुरू होतं. खाडीत गरी टाकताना शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असतो तो पिसं-दोरा गुंडाळलेला एक हलका गळ, म्हणजे फ्लाय. फुंकर मारली तर उडेल असा. वजन असतं ते दोरीलाच. पाच नंबरच्या लाइनीचे पहिले तीस फूट साधारण नऊ ग्रॅम भरतात. ते नऊ ग्रॅम हवेत मागे सरळ पसरू द्यायचे, क्षणभर थांबायचं आणि मग पुढे सोडायचं. सगळी मेख त्या थांबण्यात आहे. आपल्याकडचे पाहुणे क्रिकेट खेळलेले असतात, त्यांचं मनगट फार वळतं. दांडी मागे जमिनीपर्यंत जाते आणि दोरी झुडपात अडकते. मी त्यांच्या बाहीत दांडीची मूठ खोचतो, म्हणजे मनगट बांधलं जातं आणि हात कोपरातून चालतो. तासाभरात बहुतेकांना वीस-पंचवीस फुटांची फेक जमते. तीर्थनसारख्या अरुंद नदीला त्याहून जास्त लागतही नाही. झाडं पाण्यावर वाकलेली असतील तिथे दोरी मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळी करून पुढे लोळवायची.

खरं शिक्षण त्यानंतरचं, पाणी वाचण्याचं. ट्राउटला दोन सोयी हव्या असतात: फार शेपटी न हलवता उभं राहता येईल असा थारा, आणि त्याच्या शेजारून वाहत येणारं अन्न. मोठ्या धोंड्याच्या पुढे पाणी आपटून जिथे मऊ होतं तिथे, धोंड्यामागे वेगवान आणि संथ पाण्याची जी रेघ दिसते तिच्यावर, डोहाच्या शेपटाशी जिथे तळ वर येतो तिथे. पाहुण्याला आधी नदी सगळीकडे सारखीच खळाळताना दिसते. मी बोट दाखवून म्हणतो, तो फेस कुठून जातोय तेवढंच बघा. फेस ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने किडेही जातात. फेसाच्या वाटेवर मासा.

मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून आपण खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जायचं. त्याला वरचं जग पाण्याच्या छतातल्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट रुंद असते. दोन फूट खोल असलेल्या माशाला साडेचार फुटांची खिडकी. काठावर ताठ उभा असलेला माणूस तिच्या कडेला दिसतो. गुडघ्यावर बसलेला जवळजवळ नाहीसा होतो. चांगल्या कापडाची विजार घालून आलेल्या माणसाला गुडघ्यावर चिखलात बसवणं हा माझ्या कामातला नाजूक भाग आहे.

आणि मग ओढ. फ्लाय नेमकी धोंड्यामागच्या रेघेवर पडते, पण मधल्या वेगवान पाण्याने दोरीला पोट येतं आणि फ्लाय पाण्यापेक्षा जोरात सरकायला लागते. खरा किडा तसा कधीच वाहत नाही. मासा वर येतो, बघतो, वळतो. पाहुणा विचारतो, "फ्लाय बदलू या का?" दहापैकी नऊ वेळा फ्लायचा काही दोष नसतो. दांडीचं टोक उचलून दोरीचं पोट वरच्या अंगाला टाकायचं. दोन सेकंद मिळतात. त्या दोन सेकंदांत फ्लाय नुसती वाहते. दिवसभराच्या खटाटोपातून आपल्याला जे हवं असतं, ते एवढंच असतं.

पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका एकदा मुलाबरोबर आल्या होत्या. मुलगा फेकायला शिकत होता. बाई पाण्यात उतरल्या आणि मी दाखवला तसा एक दगड उलटा केला. खाली चपट्या अंगाचे, तीन शेपट्यांचे मेफ्लायचे बाळकिडे होते. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणारे कॅडिस होते. दोन शेपट्यांचा एक स्टोनफ्लाय पायांनी दगडाला घट्ट धरून होता. मी सांगितलं, की मेफ्लाय पाण्यात महिनोन् महिने काढतो आणि पंख फुटल्यावर एखादा दिवस जगतो. त्या रूपात त्याला खायला चालेल असं तोंडच नसतं. बाईंनी संध्याकाळपर्यंत दांडीला हात लावला नाही. "अरे, तो मासा राहू दे. मला पुढचा दगड दाखव," म्हणाल्या. स्टोनफ्लाय पाणी गढूळ झालं, तापलं किंवा त्यातला प्राणवायू घटला की सर्वांत आधी जातो. नदीची तब्येत कळायला मासा लागत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते. ब्राउन ट्राउटची मादी त्या दिवसांत शेपटीने वाळू-गोट्यांत खळगा करून अंडी घालते. पुढे हॅचरीतलीच बेरीज नदीच्या तळाशी, कोणी न मांडता, चालू राहते. मी त्या महिन्यांत चुलीशेजारी बसून फ्लाय बांधतो. माझी आवडती म्हणजे इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने काढलेली: फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. तारच दोऱ्याचं काम करते आणि वजनाचंही. तरंगणाऱ्या फ्लायला कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात. ती भारतातून जगभर जातात. आमच्या सह्याद्रीचाही या कलेच्या इतिहासात एक कोपरा आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर लाखेचा थेंब सांडावा तसे पिवळट-पांढरे चकचकीत ठिपके असतात. व्हिक्टोरियन काळातल्या सामन माशाच्या भरजरी फ्लायना ते हवेच असत. आज तो पक्षी कायद्याने संरक्षित आहे आणि ते योग्यच आहे. कोकणात त्याची बांग ऐकत मी वाढलो. त्याच्या मानेला इतक्या दूर कुणी किंमत लावली होती, हे मला चुलीशेजारी कळलं.

मे उजाडला की घड्याळ उलटं फिरतं. आता दुपारचं ऊन वरचं हिम वितळवतं, ते पाणी आमच्यापर्यंत यायला काही तास लागतात, आणि संध्याकाळी नदी फुगते, दुधाळ होते, पुन्हा गार पडते. ज्या पाहुण्याला मार्चमध्ये दुपारी तीनला मासा मिळाला, त्याला मी मेमध्ये सकाळी सातला पाण्यात उतरवतो आणि तो म्हणतो, "गेल्या वेळी तर तुम्हीच झोपवलं होतं!" नदीची राखण करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचाजी म्हणतो. माझ्या खिशातल्या थर्मामीटरला ते हसतात. बोट पाण्यात बुडवून सांगतात, "आज ग्यारह।" मी मोजतो, फरक असला तर अर्ध्या अंशाचा.

या व्यवसायात मला न सुटलेली एक गाठ आहे. ज्या माशावर माझं पोट चालतं, तो इथे उपरा आहे. या नद्यांचा मूळ रहिवासी म्हणजे ‘असला’ नावाचा मासा, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा, बारीक खवल्यांचा. ट्राउट मांसाहारी. तो असल्याची पिल्लं खातो, जागाही घेतो. आक्रमक परक्या जातींच्या जगातल्या शंभर कुप्रसिद्ध नावांच्या यादीत ब्राउन ट्राउट आहे, रेनबो ट्राउटही आहे. असला जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत जाऊन बसला आहे. त्याला धरणांचा, वाळूउपशाचा, बेसुमार मासेमारीचाही हात आहे, पण ट्राउटचा नाही असं मी म्हणू शकत नाही.

आणि तरीही याच उपऱ्याची साक्ष नदीच्या कामी आली. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प येऊ घातले होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातले लोक त्याविरुद्ध उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तीर्थन मोकळी राहिली. तिच्यातला ट्राउट आणि त्यावर चालणारा रोजगार हा त्या बाजूचा एक मुद्दा होता. शेजारच्या सैंज खोऱ्यात ५२० मेगावॉटचा पार्वती-३ प्रकल्प उभा आहे. लार्जीला दोन्ही नद्या ब्यासला मिळतात. बोगद्यात वळवलेली नदी आणि न वळवलेली नदी असा फरक शिकवायचा असेल तर मी पाहुण्यांना दोन्ही खोरी दाखवतो. नदीत पाणी कमी उरलं की ते उथळ होतं, उथळ पाणी लवकर तापतं. असल्याला तरी ते कुठे मानवतं? ट्राउटच्या नावाने राखलेल्या थंडीत असलाही जगतो. माझं समाधान करून घ्यायला हे पुरतं की नाही, हे दिवसागणिक बदलतं.

मराठी पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: आपल्याकडे का नाही सोडत हा मासा? महाबळेश्वर आहे, भंडारदरा आहे. मी आकडा सांगतो. दहा अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू मावतो. पंचवीस अंशांवर सव्वाआठ. पाणी तापलं की माशाला श्वास जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. निलगिरीत दोन हजार मीटरवर एच. सी. विल्सन यांनी १९०७च्या सुमारास ट्राउट रुजवला. आपलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, तेच १,६४६ मीटरांचं, आणि त्याच्या खाली वाहणाऱ्या ओढ्यांना उन्हाळ्यात पाणीही उरत नाही. शिवाय आपल्याकडे महसीर आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत लोक त्याला देवाचा म्हणून जपतात. तो आपल्या पाण्यातला मासा. त्याला जागा पुरली तरी खूप झालं.

प्राणवायूचा हा आकडा मला एका वेगळ्या प्रसंगी फार उपयोगी पडतो. जूनच्या मध्याला, पाऊस लांबलेला असला, की खालच्या अंगाला दुपारचा पारा चढतो. अठरा झाले की मी पाहुण्याला सावध करतो, वीसला दांडी गुंडाळायला लावतो. गेल्या हंगामात मुंबईचे एक उद्योजक भडकले. त्यांचा युक्तिवाद साधा होता: पैसे भरलेत, आणि मासा तर आपण सोडूनच देणार आहोत, मग त्याचं बिघडतं काय?

त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. आम्ही गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकतो, हात ओले करूनच मासा धरतो म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, फोटोही पाण्याच्या वर क्षणभरच. गार पाण्यात एवढी काळजी घेतली तर मासा बहुधा जगतो. पण गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने झुंजतो, धाप लागते, आणि ती धाप भरून काढायला लागणारा प्राणवायू तापलेल्या पाण्यात नसतो. हातातून सुटून तो झपकन निघून जातो, आपण टाळ्या वाजवतो, आणि तो पुढच्या वळणापलीकडे, आपल्याला न दिसता, तासाभराने मरू शकतो. मी हे सगळं सांगितलं. त्यांना पटलं नाही. अर्ध्या दिवसाचे पैसे परत केले, ते त्यांनी मोजून घेतले, आणि मग पुन्हा काही ते आले नाहीत.

हॅचरीत असताना पाणी बिघडलं तर नळ फिरवून वरच्या झऱ्याचं पाणी घेता यायचं. नदीवर नळ नाही. हिम किती पडेल, कधी वितळेल, पाऊस कधी येईल आणि २०२३च्या जुलैत ब्यासला आला तसा सगळं घेऊन जाणारा पूर येईल का, यातलं काहीच गाईडच्या हाती नाही. त्याच्या हाती उरतं ते मोजणं, आणि मोजून आलेला आकडा ग्राहकाला न आवडणारा असला तरी सांगणं. या वर्षीपासून माझ्या दरपत्रकातून जूनची दुपार मी काढून टाकली आहे. तेवढं उत्पन्न घटलं. मार्चच्या दुपारी ते भरून निघतं का, हे हंगाम संपल्यावर वहीत दिसेल.